तुंबाड आणि आमच्या गावचा खड्डा

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. ऑफिसात हा शब्द वापरला तेव्हा टीममधल्या एकीला ती पालेभाजी वाटली. गावाकडे मात्र पायाळू माणसाला भाव असतो. कोणाची कंबर धरली, पाठीत लचक भरली, की पायाळूला बोलावून पाठीला त्याचा पाय लावून घ्यायचा, लचक जाते म्हणतात. शाळेत असताना मी निम्म्या गावाला अशा लाथा घातल्या आहेत आणि त्याबद्दल वर शेंगदाण्याचे लाडूही खाल्ले आहेत :-)

पण पायाळूबद्दल आणखी एक समजूत आहे आणि ती इतकी गमतीची नाही. पायाळू मुलाला जमिनीखालचं धन दिसतं, असं म्हणतात. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. कॉलेजातल्या मित्रांना नाही, बायकोलाही नाही. एका सिनेमामुळे ती बाहेर आली, म्हणून आधी सिनेमाबद्दल.

सिनेमा म्हणजे 'तुंबाड'. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी आधी तो पाहून यावा, कारण पुढे मी शेवटसुद्धा सांगणार आहे. नंतर शिव्या देऊ नका.

तर झालं असं. 2024च्या सप्टेंबरमध्ये मी महालक्ष्म्यांसाठी घरी गेलो होतो. (पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, सोळा भाज्या, आंबील आणि दुपारी चार वाजेपर्यंत उपाशी पोटी वाट बघणं.) घर म्हणजे वर्धा जिल्हा, सेलू तालुका. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. 'तुंबाड' पहिल्यांदा आला तो ऑक्टोबर 2018मध्ये. तेव्हा मी फायनल इयरला होतो आणि हॉस्टेलवर लॅपटॉपवर तो अर्धाच बघितला होता. अर्धा का, ते पुढे येईलच. 13 सप्टेंबर 2024ला तो पुन्हा थिएटरात लागला आणि 2018मध्ये जेवढा चालला होता त्याहून जास्त चालला. शनिवारी सकाळी दादा म्हणाला, "चाल, नागपूरले जाऊन येऊ. लय दिवस झाले टॉकीजमदे पिच्चर नाही पाह्यला." दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, मोठ्या बाबांचा मुलगा. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आणि घरची शेती आता तोच बघतो.

लॅपटॉपवरचा तुंबाड आणि मोठ्या पडद्यावरचा तुंबाड यात फरक आहे. तो पाऊस! सिनेमाभर पाऊस पडतो आणि तो हिंदी सिनेमातला नाच-गाण्याचा पाऊस नाही. तो शाप आहे. कथा अशी, की पूर्तीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. तो हावरा. आईचं सगळं सोनं घेतो आणि मग धान्यावर हात टाकतो, तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडतात. देवी त्याला वाचवते, पण अट एकच, की त्याची कधीही पूजा होणार नाही. आणि तुंबाडचे लोक काय करतात, तर नेमकं त्याचंच देऊळ बांधतात. म्हणून देव चिडतात आणि पाऊस थांबतच नाही.

हे सगळं पहिल्या काही मिनिटांत सांगून होतं आणि मी तिथेच अडकलो. लोकांना हस्तर कोण आहे हे पक्कं माहीत होतं. त्यांची काही फसवणूक झाली नव्हती. तो चांगला देव नाही, हे माहीत असूनच त्यांनी त्याला पूजलं, कारण त्याच्याकडे सोनं होतं. आपण 'अंधश्रद्धा' म्हणतो तेव्हा आपल्या डोक्यात कुणीतरी भोळा, न शिकलेला माणूस असतो ज्याला कळत नाही. तुंबाडमध्ये सगळ्यांना सगळं कळतं.

सिनेमा सावकाश चालतो. 1918, मग 1933, मग 1947. लहान विनायक, त्याची आई, वाड्यात साखळदंडांनी बांधलेली एक म्हातारी जिला जेवण भरवावं लागतं. (ती म्हातारी आणि शेवटच्या भागातला मुलगा पांडुरंग ही दोन्ही कामं मोहम्मद समद या एकाच मुलाने केली आहेत, हे कळल्यावर मी पुन्हा जाऊन बघितलं आणि तरी ओळखू आलं नाही.) मग मोठा झालेला विनायक परत येतो आणि दोरावरून विहिरीत उतरतो. खाली लाल, ओलं, मांसासारखं हलणारं देवीचं गर्भगृह. तो पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली हस्तरपुढे टाकतो, आणि हस्तर भुकेने त्या बाहुलीवर तुटून पडला की त्याच्या लंगोटीतल्या मोहरा ओरबाडतो. काही मोजक्या मोहरा घेऊन वर. पुन्हा पुण्याला. मोहरा संपल्या की पुन्हा खाली.

दिग्दर्शक राही अनिल बर्वे म्हणजे 'थँक यू मिस्टर ग्लाड'वाल्या अनिल बर्व्यांचा मुलगा. सिनेमाचं नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, भीती नारायण धारपांची, मोहरा पुण्यात खपणार, पाऊस कोकणातला. थोडक्यात, हिंदी बोलणारा मराठी सिनेमा. पण आम्हा वैदर्भीयांसाठी एक खास गोष्ट. राहीला धारपांची गोष्ट मित्राने पहिल्यांदा ऐकवली ती 1993मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात, म्हणजे आमच्या विदर्भात. आणि पटकथेचा पहिला खर्डा त्याने 1997मध्ये लिहिला. 1997 हे माझं जन्मसाल. मी पाय आधी बाहेर काढत होतो त्या सुमारास हा माणूस खजिना शोधणाऱ्या बापलेकाची गोष्ट लिहीत होता. योगायोग आहे, त्यात काही अर्थ नाही, पण थिएटरात बसल्यावर असले हिशेब डोक्यात येतातच.

आणि सिनेमा सुरू कशाने होतो? गांधीजींच्या एका वाक्याने. सगळ्यांची गरज भागेल एवढं या जगात आहे, पण हाव भागेल एवढं नाही, अशा अर्थाचं. वाक्य पडद्यावर आलं आणि दादा माझ्या कानात म्हणाला, "अबे, हे तर आपल्या जिल्ह्याचं हाय."

खरंच आहे. 30 एप्रिल 1936ला गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. पुढे त्याच शेगावचं सेवाग्राम झालं. आमच्या शाळेची सहल दरवर्षी तिथेच जायची. (दुसरीकडे न्यायला पैसे नसायचे, हे मास्तर मोकळेपणाने सांगायचे.) कुडाच्या, मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, आत जवळजवळ काही नाही. सहलीतल्या मुलांना बापूकुटीत रस नसायचा, आम्हाला बघायची असायची ती साप पकडायची पेटी. लाकडी चिमट्याने साप धरायचा, पिंजऱ्यात घालायचा आणि लांब रानात नेऊन सोडायचा. मारायचा नाही. आजोबा खादीवाले, घरी अंबर चरखा. ते सांगायचे, "साप काही कोनाचं राखत नाही बाबू. त्याले काय करायचं सोनं?" हे वाक्य नंतर मला फार आठवलं.

आता ती रात्र.

साल 2006. मी नऊ वर्षांचा. त्या काळी आमच्याकडे कापसाची काय अवस्था होती हे ज्यांनी तेव्हाची वर्तमानपत्रं वाचली असतील त्यांना आठवेल. रोज कुठल्या तरी गावची बातमी असायची. जून-जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आमच्या जिल्ह्यातल्या वायफडला जाऊन शेतकऱ्यांना भेटले आणि 6 जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. पण मी सांगतोय ते त्याच्या महिनाभर आधीचं, वैशाखातल्या अमावस्येचं.

मोठ्या बाबांवर सोसायटीचं कर्ज होतं आणि त्याहून जास्त एका खासगी सावकाराचं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की मोठे बाबा रात्री झोपत नाहीत, ओसरीवर बसून राहतात. आजोबा त्याच्या आदल्या वर्षी वारले होते. ते असते तर पुढचं झालं नसतं असं घरातले सगळे म्हणतात. असो.

गावाच्या कडेला एक पडकी गढी आहे. मातीची, दोन बुरूज उरलेले, बाकी बाभळी. प्रत्येक गावातल्या गढीखाली सात हंडे असतात, तसे आमच्याही गढीखाली होते. कुठून तरी एक बुवा आला. त्याने सांगितलं, धन आहे, वर नाग आहे, आणि बघायला पायाळू पोरगं पाहिजे. पायाळू पोरगं घरातच होतं.

आईला सांगितलं की बाबूला शेतात जागलीला नेतो. बाबा तेव्हा नागपूरला कामाला होते. मोठ्या बाबांनी मला खांद्यावर बसवून नेलं. मला मजा वाटत होती. गढीत पोचलो तेव्हा तिथे चार-पाच माणसं, कुंकवाचं रिंगण, लिंबं, एक उलट्या पिसांची कोंबडी, आणि जमिनीवर ठेवलेला कंदील. बुवाने माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखावर काजळासारखं काहीतरी काळं, तेलकट चोपडलं. मोठ्या बाबांनी मला मांडीवर घेतलं आणि माझा अंगठा माझ्या डोळ्यांसमोर धरला. "भिऊ नोको बाबू, मी आहो ना," म्हणाले.

"काय दिसते?" बुवाने विचारलं.

काही दिसत नव्हतं. काळं नख दिसत होतं. मी गप्प बसलो. पुन्हा विचारलं. पुन्हा विचारलं. सगळे वाकून माझ्याकडे बघत होते. मोठी माणसं, ज्यांच्यामध्ये मी एरवी बोललो तर "चूप बस" ऐकायचो, ती सगळी श्वास रोखून माझ्या बोलण्याची वाट बघत होती. मोठ्या बाबांचं हृदय माझ्या पाठीला धडधडताना लागत होतं. मग मी अंगठा जरा हलवला आणि त्या तेलकट नखात एक बारीक पिवळा ठिपका चमकला.

तो कंदील होता. मला तेव्हाच कळलं होतं की तो कंदील आहे. अंगठा इकडे केला की ठिपका इकडे, तिकडे केला की तिकडे. नऊ वर्षांच्या मुलाला तेवढं कळतं.

मी म्हणालो, "पिवळं दिसते."

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण लिहायला बरं वाटत नाही. ती कोंबडी कापली. दुसऱ्या दिवसापासून खोदकाम सुरू झालं, रात्री, गुपचूप. आठवडाभर, मग पंधरा दिवस. बुवा दर खेपेला नवीन काहीतरी सांगायचा आणि पैसे न्यायचा. मला आणखी दोनदा नेलं. दोन्ही वेळा मी 'पिवळं दिसते' म्हणालो. दुसऱ्या वेळी तर कुणी विचारलं नव्हतं तरी 'जास्त पिवळं' असंही म्हणालो. मृग लागला, पाऊस आला, खड्ड्यात पाणी भरलं. बुवा परत आला नाही. आणि ऐन डवरणीच्या दिवसांत मोठ्या बाबांनी बैलजोडी विकली.

ज्यांना शेतीतलं कळत नाही त्यांच्यासाठी: ऐन डवरणीत बैल विकणं म्हणजे रिलीजच्या आदल्या दिवशी सर्व्हर विकण्यासारखं आहे. त्या वर्षीचा पोळा आमच्या घरी झाला नाही. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान मुलं लाकडी बैल घेऊन निघतात. आमच्याच तालुक्यातल्या सिंदी रेल्वेचा तान्हा पोळा तर लांबलांबून बघायला येतात, माणसाहून उंच लाकडी नंदी असतात तिथे. दादाकडे आजोबांनी सुताराकडून करून घेतलेला नंदी होता. तो त्या दिवशी दादाने बाहेर काढलाच नाही. तेरा वर्षांचा होता, म्हणाला मी आता मोठा झालो. मला कारण माहीत होतं.

2018मध्ये हॉस्टेलवर मी तुंबाड अर्धा सोडला तो ज्या ठिकाणी विनायक मुलाला बरोबर घेऊन जायला लागतो तिथे. बाप मुलाला विहिरीत उतरायचं शिकवतो. दोर कसा धरायचा, बाहुली कधी टाकायची, मोहरा कशा हिसकायच्या. अगदी प्रेमाने शिकवतो. आपण मुलाला सायकल शिकवतो ना, तसं. तुंबाडमधली मला खरी भीती वाटलेली जागा ती आहे. हस्तर नाही, ती झाड उगवलेली म्हातारी नाही. हस्तर बिचारा भुकेला आहे, त्याच्या आईच्या पोटात कोंडलेला. राक्षस ओळखू येतो. पण ज्याच्या मांडीवर आपण सगळ्यात सुरक्षित असतो तो माणूस जेव्हा आपला अंगठा धरून 'काय दिसते?' विचारतो, तेव्हा चांगलं काय आणि वाईट काय हे ओळखणार कसं?

या वेळी मात्र मी शेवटपर्यंत बसलो. 1947मध्ये सरकार वाडा ताब्यात घेणार असतं, म्हणून बापलेक शेवटचा मोठा डाव टाकतात. एक-एक नाही, खूप बाहुल्या एकदम न्यायच्या. आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर बाहेर येतात. विनायक मुलाला वाचवण्यासाठी सगळ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून घेतो आणि त्या सगळ्यांना स्वतःवर ओढून घेतो. शेवटी वाड्याबाहेर, अर्धा राक्षस झालेला बाप, हातात मोहरांनी भरलेली ती लंगोटी मुलापुढे धरतो. मुलगा रडतो आणि ती घेत नाही. बापाला आग लावतो आणि निघून जातो.

दोन तासांच्या अंधारात चांगुलपणाची एवढी एकच कृती आहे. तीही फार लहान आणि फार उशिरा. एक मुलगा 'नको' म्हणतो.

परतताना आम्ही केळझरला थांबलो. नागपूर-वर्धा रस्त्यावरचं हे गाव, वर टेकडीवर सिद्धिविनायकाचं देऊळ. आमच्याकडे असं मानतात की महाभारतातली एकचक्रानगरी म्हणजे हीच. बकासुराची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: गाडाभर अन्न, दोन रेडे आणि एक माणूस, पाळीपाळीने. लहानपणी ती भीमाची गोष्ट वाटायची. त्या संध्याकाळी टपरीवर चहा पिताना पहिल्यांदा वाटलं की ती गावाची गोष्ट आहे. गावाने राक्षसाशी करार केला होता. वेळापत्रक लावलं होतं. आज माझी पाळी नाही ना, मग झालं! बहुतेक कुणाला बकासुर वाईट वाटतसुद्धा नसेल, नियम वाटत असेल.

तिथेच मी दादाला सांगितलं. कंदिलाचं. अठरा वर्षांनी.

दादा बराच वेळ काही बोलला नाही. कपातला चहा संपवला, पैसे दिले. मग म्हणाला, "मले काय सांगून राहिला? बाबाले सांग."

रविवारी दुपारी मोठे बाबा ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. आता सत्तरीला आलेत, गुडघे गेलेत. मी बाजूला बसलो आणि सांगून टाकलं. काही दिसलं नव्हतं, तो कंदील होता, मी खोटं बोललो, तुमचे बैल माझ्यामुळे गेले. एका दमात. आवाज कापत होता, खोटं कशाला बोलू.

मोठ्या बाबांनी अडकित्ता खाली ठेवला.

"मले मालूम हाय बाबू," ते म्हणाले. "तुया अंगठा माया हातात होता ना. मलेबी कंदीलच दिसला होता."

मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "तू नाही म्हनला असता तरी खोदलंच असतं. पन तू हो म्हनला तं बरं वाटलं."

मला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. थोडं वाटलंही. पण त्याबरोबर असा राग आला, की मी उठून मागे न्हाणीकडे जाऊन उभा राहिलो. अठरा वर्षं मी समजत होतो की मी एका भाबड्या माणसाला फसवलं. तो भाबडा नव्हता. त्याला माहीत होतं. त्याला धन आहे असा विश्वास नव्हता, त्याला तो विश्वास हवा होता, आणि तो स्वतःपाशी नव्हता म्हणून त्याने माझ्याकडून, नऊ वर्षांच्या पोराकडून, उसना घेतला. आणि मीही तो दिला, कारण मला खांद्यावर बसून यायचं होतं. दोघांनाही कंदील दिसत होता. दोघांनीही त्याला सोनं म्हटलं.

तुंबाडच्या लोकांनी हस्तरचं देऊळ बांधलं ते असंच बांधलं असणार.

श्रद्धा म्हणजेच वाईट, असं मला म्हणायचं नाही. ते फार सोपं आहे, आणि वर्ध्याच्या माणसाला तसं म्हणता येत नाही. 1928मध्ये जमनालाल बजाजांनी वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी उघडलं. तेही श्रद्धावानच होते. फरक एवढाच, की त्यांना देवळाकडून काही काढून घ्यायचं नव्हतं.

आणि खोदण्याचंच म्हणाल तर पवनारला विनोबांच्या आश्रमातही खोदलं होतं. धाम नदीच्या काठी शेतीसाठी जमीन खोदताना भरत-राम भेटीचं जुनं शिल्प हाती लागलं, ते आजही तिथे आहे. वनवासाला निघालेला भाऊ आणि त्याचं राज्य नको असलेला दुसरा भाऊ. 1950च्या सुमारास तिथेच विनोबांनी 'कांचनमुक्ती'चा प्रयोग सुरू केला. पैशावर अवलंबून राहायचं नाही, आपलं धान्य-भाजी आपण पिकवायची, विहीर आपल्या हातांनी खणायची, शेतीत बैलसुद्धा वापरायचे नाहीत. बैलाशिवाय शेती हे वाचून मला हसूही आलं आणि पोटात तुटलंही. एकाच जिल्ह्यात दोन खड्डे. एकात पाणी लागलं, दुसऱ्यात पाणी भरलं.

अर्थात आमचा जिल्हा म्हणजे काही सगळे विनोबा नाहीत. 1974पासून जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि दारू कुठे मिळते हे लहान पोरालाही ठाऊक असतं. तेही कंदिलासारखंच. सगळ्यांना दिसतं.

नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013ला खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार त्यात गुन्हा आहेत. कायदा हवाच होता. आमच्या बुवासारख्या माणसाला त्याने पकडता येईल. पण 'पिवळं दिसते' म्हणणाऱ्याला कुठल्या कलमात बसवणार? आणि ते ऐकून बरं वाटणाऱ्याला?

मोठ्या बाबांवर मी रागावून राहिलेलो नाही, हेही सांगायला हवं. त्या वर्षी आमच्या पंचक्रोशीतली काही माणसं रात्री ओसरीवर बसून राहिली आणि सकाळी उठलीच नाहीत. मोठे बाबा उठले. कदाचित त्या खड्ड्यामुळेच उठले, कुणास ठाऊक. खोदायला काहीतरी होतं. हे मी त्यांची बाजू घेण्यासाठी लिहीत नाही. बैल गेले, कोंबडी गेली, आणि एका पोराने अठरा वर्षं नखाकडे बघणं टाळलं, हेही खरंच आहे. दोन्ही एकदम खरं असू शकतं, हे मला सत्ताविसाव्या वर्षी कळतंय.

संध्याकाळी निघायच्या आधी बॅग भरत होतो. दादाचा मुलगा, सहा वर्षांचा, अंगणात आजोबांनी केलेला तोच लाकडी नंदी ओढत होता. चाकं नवीन बसवली होती. पोळा होऊन दोन आठवडे झाले तरी तो काही नंदी आत ठेवायला तयार नव्हता. मध्येच थांबून त्याने मोठ्या बाबांना विचारलं, "आबा, गढीत सोनं हाय म्हनते पोट्टे. खरं काय?"

मी हातातला टॉवेल तसाच धरून उभा राहिलो.

मोठे बाबा म्हणाले, "नाही रे बाप्पा. मी खोदून पाह्यलं. काईच नाही तिथं."

पोरगं "बरं" म्हणालं आणि नंदी ओढत निघून गेलं. बस, एवढंच झालं. पण मला तो पांडुरंग आठवला, मोहरा न घेता वाड्याबाहेर चालत निघालेला. आमच्याकडे 'नको' म्हणायला सत्तरीच्या म्हाताऱ्याची पाळी आली, पण म्हटलं गेलं.

सोमवारी सकाळी हिंजवडी. स्टँडअप. मॅनेजरने विचारलं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" सगळे माझ्याकडे बघत होते. आजवर अशा वेळी मी 'होईल' म्हणत आलोय, आणि त्यालाही माहीत असायचं, मलाही माहीत असायचं. त्या दिवशी म्हणालो, नाही होणार, अजून आठवडा लागेल. त्याचा चेहरा पडला. मला काही फार शूर वगैरे वाटलं नाही, उलट दिवसभर पोटात गोळा होता.

असो. बरंच लांबलं. घरी गेलात की तुमच्या गावच्या गढीखाली किती हंडे आहेत ते विचारून बघा. सातच असतील.